बाबांचं कपलिंग

परतूरला स्टेशन रोडवर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे एक खोली, आणि तिच्या मागे आम्ही राहतो. आता घड्याळ दुरुस्त करून घेणारं माणूस क्वचित येतं. बहुतेक जण सेल टाकायला नाहीतर पट्ट्याची पिन बसवायला येतात आणि तेवढ्या वेळात मोबाइलमध्ये किती वाजले ते बघत उभे राहतात. पूर्वी मला याचा राग यायचा.

मधल्या खोलीत दोन स्टुलांवर एक जुनं दार आडवं टाकलेलं आहे. त्यावर माझी आगगाडी. खऱ्या गाडीपेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. एक डिझेल इंजिन, पाच निळे डबे, एक फलाट आणि फलाटावर टाकी. हा नाद मला चाळिशीनंतर लागला. लग्न केलं नाही, दारू चालत नाही, चौकात राजकारणाच्या गप्पा सुरू झाल्या की माझं डोकं फिरतं. मग माणसाने संध्याकाळी करावं तरी काय? गाडी गोल फिरायची, मी बघत बसायचो. आई म्हणायची, "फिरव, फिरव. कुठं पोचत न्हाई ती अन् तू बी."

विकतच्या डब्यांना दोन्ही टोकांना प्लास्टिकचं एक मोठं कडं येतं. एक कडं दुसऱ्यावर चढतं आणि डबे जोडले जातात. लहान मुलांच्या हाताला ते सोपं पडतं, म्हणून कंपन्या तसं बनवतात. दिसायला मात्र फार वाईट. माणसाने इस्त्रीचा सदरा-पँट घालावी आणि पायात गवंड्याचे गमबूट, तसं. शिवाय दोन डब्यांमध्ये दोन बोटं जातील एवढी फट राहते. मला ते रोज खुपायचं आणि रोज मी त्याकडे काणाडोळा करायचो.

बाबांनी काणाडोळा केला नाही. ते रेल्वेत पॉइंट्समन होते. सांधे बदलणं, झेंडी दाखवणं, आणि डबे जोडणं-सोडणं. जालना, परभणी, पूर्णा असं करत शेवटी परतूरला आले आणि इथेच रिटायर झाले. माझ्या गाडीकडे त्यांनी कित्येक वर्षं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एकदा चष्मा शोधत खोलीत आले, फळीपाशी वाकले, आणि म्हणाले, "ह्ये काय लावलंय? तुझ्या गाडीला कपलिंगच न्हाई."

"हे काय, आहे की," मी कडं दाखवलं.

"ह्याला कपलिंग म्हणत्यात व्हय रे?" एवढं बोलून चष्मा घेऊन गेले. आमचं गाडीवरचं संभाषण तेवढंच. मला त्यांचा राग आला. तो बरेच दिवस टिकला, कारण त्यांचं बरोबर होतं.

त्यांचं कपलिंग कसं असायचं हे मला लहानपणापासून माहीत होतं. इंजिन सावकाश येऊन डब्याला टेकायचं. दोन्हींच्या टोकांना धक्का झेलणारे गोल लोखंडी बफर असतात. बफरला बफर लागले की बाबा वाकून त्या बफरांच्या खालून दोन डब्यांच्या मध्ये शिरायचे. लोखंडाची जड कडी उचलून समोरच्या आकड्यात टाकायची, मग मधला स्क्रू फिरवून कसायचा. सैल राहिला तर गाडी निघताना हिसका बसतो आणि लोकांचा चहा सांडतो. फार कसला तर वळणावर त्रास होतो. बफर एकमेकांना जेमतेम दाबतील इतकाच कसायचा, आणि ते इतकं म्हणजे किती, हे हाताला कळायचं. त्यांचा उजवा पंजा त्यामुळे डाव्यापेक्षा रुंद झाला होता. माझी सगळी घड्याळं त्या पंजात मावली असती.

आणखी एक गोष्ट होती, तिचं मला हसू यायचं. आमच्या घरामागे पाण्याची सिमेंटची टाकी आहे. ती धुवायला बाबा आत उतरायचे. उतरण्याआधी काठावर उभं राहून मोठ्यांदा म्हणायचे, "आत चाललो!" आईने स्वयंपाकघरातून "बरं!" म्हणायचं. आई बोलली नाही तर ते काठावर तसेच उभे राहायचे. धुऊन वर आले की "बाहेर आलो!" म्हणायचे. ते ऐकू येईपर्यंत घरात कुणी मोटारीच्या बटणाला हात लावायचा नाही. एकदा मी लावला होता. नळाला पाणी यायलासुद्धा वेळ लागतो, एवढ्यात काय होतं, म्हणून. त्यांनी माझ्या कानाखाली दिली. आमच्या घरात मारझोड नव्हती. ती एकच.

मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत बाबांना लकव्याचा झटका आला. सकाळी दाढी करताना हातातलं रेझर खाली पडलं, ते उचलायला वाकले आणि तिथेच बसले. जालन्याला नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली. पाय पुढे थोडा परत आला, धरून धरून चालायला लागले. बोलणं एखाद्या शब्दावर आलं, तोही चिकटल्यासारखा. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा. त्यावर माशी बसली तरी त्यांना कळायचं नाही. मग ते डाव्या हाताने ती हाकलायचे.

त्या दिवसांत मला काय वाटलं असं पाहुणे विचारायचे. मला काही वाटलं नाही. खरंच सांगतो. मी दवाखान्याचे कागद नीट लावले, औषधांच्या वेळा भिंतीवर लिहिल्या, त्यांना अंघोळ घातली. आई रडायची तेव्हा मी तिला पाणी द्यायचो. बंद पडलेलं घड्याळ उघडून आत डोकावतो, तसा मी माझ्याच आत डोकावून बघायचो. सगळं जागच्या जागी दिसायचं, चालत काहीच नव्हतं. मला त्याची लाज वाटायची, आणि तीही फार नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम जालन्याला होत्या. त्यांनी बाबांचा पंजा उघडला, मिटला, आणि मला म्हणाल्या, "हाताला काम द्या. या पहिल्या काही महिन्यांत दिलं तर दिलं. नंतर तो विसरून जाईल." मी विचारलं, कसलं काम? त्या म्हणाल्या, "त्यांना करावंसं वाटेल असं."

आम्ही सगळं करून पाहिलं. रबरी चेंडू दिला, तो त्यांनी मांडीवरून घरंगळू दिला. आईने कणकेचा गोळा दिला. परातीत हरभरे ओतून एक-एक उचलायला सांगितले. बाबांनी परातीकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि डाव्या हाताने परात सरकवली. आई म्हणाली, "जिद्द सोडली त्येंनी. नुसते बसून राह्यले." मॅडमने दिलेले महिने जात होते. मी रोज सकाळी त्यांच्या तळहातावर टाचणी टोचून बघायचो. ते दुसरीकडे बघत राहायचे.

त्यांची खुर्ची मधल्या खोलीत ठेवली होती, तिथे वारा येतो म्हणून. एका दुपारी मी दुकानातून आत आलो तर ते गाडीकडे बघत होते. टक लावून. डब्यांकडे नाही, डब्यांच्या मधल्या फटीकडे. मी त्यांच्या समोर दोन डबे सोडवले आणि पुन्हा जोडले. त्यांचा डावा हात उजव्या हाताच्या मनगटावर गेला.

मग मी ठरवलं की गाडीला कपलिंग बसवायचं. चांगलं, खऱ्यासारखं, आणि काम करणारं. खऱ्यासारखं दिसणारं पण नुसतं चिकटवलेलंही मिळतं. ते मी कधीच वापरलं नसतं.

आता यात दोन वाटा होत्या. एक आपोआप लागणारं कपलिंग. हल्लीच्या नव्या डब्यांना असतं तसं, अर्धवट मिटलेल्या मुठीसारखं. दोन डबे एकमेकांवर ढकलले की मूठ मुठीत अडकते. रुळाखाली लोहचुंबक बसवला की सुटतंही आपोआप. दुसरं बाबांचं, कडी-आकड्याचं. ते तारेच्या हुकाने हाताने लावावं लागतं आणि त्याला चांगली नजर, स्थिर हात आणि चिकाटी लागते. माझी गाडी निळ्या डब्यांची, म्हणजे बाबांच्या काळातली. खरेपणा बघायचा तर दुसरंच योग्य. पण मी मेलेल्या बोटांचा विचार केला. ज्यांना हरभरा उचलता येत नाही, ते मुंगीएवढी कडी काय उचलणार? त्यांना जमेल असं द्यावं. मी आपोआपवालं मागवलं.

ते पार्सलने आलं. पाच डबे आणि इंजिन, बारा टोकं. जुनी कडी कापली, तळाला कानस मारली, नवी कपलिंगं एका उंचीवर येण्यासाठी कागदाच्या चकत्या घातल्या. एक जरी केसभर खाली राहिलं तरी मूठ मुठीत बसत नाही. दोन आठवडे दुकान सांभाळून मी तेच करत होतो. मग बाबांची खुर्ची फळीजवळ ओढली, त्यांचा उजवा हात उचलून डब्यावर ठेवला आणि मीच तो ढकलला. टक् असा बारीक आवाज आला. डबे जोडले गेले.

"बघा बाबा, तुम्हीच जोडलं."

बाबांनी जोडाकडे बघितलं. तोंड वाकडं करत, खूप वेळ घेत त्यांनी एक शब्द काढला. "माणूस?"

"काय?"

डाव्या हाताचं बोट त्यांनी दोन डब्यांच्या मध्ये रोवलं. "माणूस?" मग उजवा हात उचलून शालीत घेतला आणि डोळे मिटले.

माझं टाळकं सरकलं. दोन आठवडे! मी आईला म्हणालो, यांना काही नको आहे, यांना फक्त बसायचं आहे. आई म्हणाली, "आरं, तूच सगळं करून ठिवलं. त्येंनी काय करावं मंग?" मी दुकानात जाऊन बसलो. एका घड्याळाचा सेल बदलला, त्याचं झाकण दाबलं, तेही असंच टक् वाजलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळी बारा कपलिंगं उपटली.

कडी-आकडा विकत मिळतो, पण मला तो स्वतः करायचा होता. पितळेच्या पातळ पट्टीतून आकडे कापले, घड्याळाच्या कानशीने घासले. बारीक तार सुईभोवती वळवून कड्या केल्या, जोडाला कथलाचा डाग दिला, तेलाचं बोट लावून दिव्यावर काळ्या केल्या. आकड्याच्या मागे स्प्रिंग लागते, म्हणजे निघताना हिसका बसत नाही. ती पट्ट्याच्या पिनेतून काढली. त्या पिनेत एवढीशी स्प्रिंग असते हे ती विकत घेणाऱ्यालाही माहीत नसतं. मधला स्क्रू मात्र नुसता दिसायला ठेवला. इतक्या बारीक दांड्याला दोन्हीकडून उलटसुलट आटे पाडणं माझ्या बापालाही जमलं नसतं, असं मी मनात म्हणालो. मग लक्षात आलं की त्याच्याचसाठी तर चाललं आहे.

मग नवीनच भानगड निघाली. हे कपलिंग लावल्यावर बफरला बफर टेकतात, अगदी खऱ्यासारखे. पण माझा रूळ दारावर मावावा म्हणून गोल आणि घट्ट वळणाचा. वळणावर बफर बफरात अडकायचे आणि डबा रुळावरून उचलला जायचा. हजार वेळा केलं, तेच. एक तर वळण ठेवायचं, नाहीतर कपलिंग. मी गोल उखडला. दाराच्या लांबीचे दोन सरळ रूळ टाकले, मध्ये एकावरून दुसऱ्यावर जायला एक सांधा. आता गाडी फक्त पुढे आणि मागे जाणार.

"गोल काहून काढला?" आईने विचारलं.

"यार्ड केलं," मी म्हणालो.

बाबा खुर्चीतून बघत होते. मी रूळ ठोकत असताना त्यांनी मान वाकवून रूळ सरळ आहे का ते एका डोळ्याने बघितलं. डावं बोट थोडं बाहेर हलवलं. मी रूळ तेवढा हलवला.

कडी उचलायला मी एक लांब दांडीचा हूक केला. मॅडमने चमच्याला जाड मूठ करायला सांगितलं होतं, म्हणून त्या दांडीवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून मूठ केली. ती त्यांच्या उजव्या हातात बसवली. या वेळी त्यांनी हात मागे घेतला नाही. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि दोन्ही हात मिळून हूक डब्यांच्या दिशेने नेला. उजवं मधलं बोट दोन बफरांच्या मध्ये टेकलं. हूक कडीपर्यंत गेला, पण डबे थोडे लांब होते, कडी पोचली नसती. मला वाटलं मदत करावी. मी गाडी चालवायच्या कंट्रोलरचं बटण किंचित फिरवलं आणि इंजिनाने डबा मिलिमीटरभर पुढे सारला.

बफर बाबांच्या बोटाला लागला. त्यांना कळलं नाही, पण त्यांनी ते पाहिलं.

त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. डाव्या हाताची मूठ त्यांनी फळीवर आपटली. दोन डबे पडले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. टाकीच्या काठावरची. आईने येऊन त्यांना आत नेलं.

मी पडलेले डबे उचलले. काडेपेटीएवढ्या वजनाचा डबा, बारा व्होल्टचं इंजिन, एवढं नाटक कशाला, असं मी मोठ्याने म्हणालो. आईने ऐकलं. ती दारात आली आणि तिने कधी नव्हे तो मला दम दिला. "त्येंचा हात आत गेल्ता ना? मंग तू हलवलंच कसं? आत माणूस असला की इंजिन हलत न्हाई. डायवर किती बी मोठा असू दे, साहेब असू दे. आत जायाच्या आधी सांगायचं, बाहेर आलं की सांगायचं. तवर हात काढून बसायचं. एवढी वर्सं जिते घरी आले ते उगं न्हाई आले."

मी विचारलं, कधी काही झालं होतं का? कुणाला लागलं होतं का?

"त्येंनी कधी सांगितलं न्हाई. म्या कधी इचारलं न्हाई," आई म्हणाली. "एकदा पूर्णेहून आले अन् दोन दिवस जेवले न्हाईत. तेवढं मला ठावं."

टाकीचं ते सगळं मला पहिल्यांदा कळलं. पन्नाशीला आलेल्या माणसाला. मी आत गेलो आणि बाबांच्या खाटेशी उभं राहून म्हणालो, "चूक झाली. तुम्ही सांगितल्याशिवाय हलवणार नाही." ते भिंतीकडे तोंड करून होते. वळले नाहीत. मॅडमच्या महिन्यांतला आणखी एक आठवडा तसाच गेला. मला वाटलं, आता हात काही येत नाही, आणि ते माझ्यामुळे.

आठवड्यानंतर एका संध्याकाळी ते स्वतः भिंत धरत येऊन खुर्चीत बसले. मी मूठ हातात दिली. त्यांनी ती धरली, पण हलवली नाही. माझ्याकडे बघत राहिले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गळ्याची शीर ताठ झाली.

"आत... चाल्... लो."

झटक्यानंतरचं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. मी कंट्रोलरवरून हात काढून दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणालो, "बरं."

तेव्हापासून रोज तसंच. दिवेलागणीच्या आधी अर्धा-पाऊण तास. "आत चाललो." "बरं." मग ते हूक घेऊन दोन डब्यांच्या मध्ये जायचे आणि मी नुसता बसून राहायचो. कडी हुकावर यायची, थरथरायची, पडायची. पुन्हा. पुन्हा. कपाळावर घाम यायचा, लाळ गळायची, ती आई पुसायची. कधी कडी आकड्याच्या टोकापर्यंत जायची आणि माझ्या नकळत माझाही अंगठा वर व्हायचा. पण बसायची नाही. थकले की हूक खाली ठेवून ते म्हणायचे, "बाहेर आलो." कपलिंग लागलेलं नसलं तरी म्हणायचे. मग मी इंजिन त्याच्या एका डब्यासकट मागे घ्यायचो, दुसरा डबा तिथेच राहायचा.

एक दिवस मी सकाळी टाचणी टोचली आणि त्यांनी हात ओढून घेतला. मला शिवीही दिली, अर्धीच. मॅडम म्हणाल्या, अंगठा मिटायला लागला आहे, चालू ठेवा. एकदा त्यांच्या बरोबरचे जुने ड्रायव्हर, आता घनसावंगीला मुलाकडे राहतात, ते भेटायला आले. दारातून "जयभीम" म्हणाले, यार्ड बघितलं, आणि बाबा आत असताना दारातच थांबले. "बाहेर आलो" ऐकू आल्यावरच खोलीत आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "बरा माणूस."

उन्हाळा लागला होता. बाजाराचा दिवस होता. बाबा बसले, "आत चाललो" म्हणाले, मी "बरं" म्हणालो. तेवढ्यात दुकानातून हाक आली. मुलीच्या मनगटी घड्याळाचा तुटलेला पट्टा घेऊन एक माणूस उभा होता. "जल्दी करा भाऊ, जीप सुटंल." मी आत डोकावून म्हणालो, "बाबा, आलोच." त्यांनी मान वर केली नाही. कामात होते. मी पिन शोधली, जुनी काढली, नवी बसत नव्हती, दुसरी शोधली. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील.

परत आलो तेव्हा बाबांचं कपाळ फळीच्या कडेला टेकलं होतं. डाव्या हाताने उजवं मनगट तसंच धरलेलं. हूक खाली पडला होता. पहिल्यांदा वाटलं, जवळून बघताहेत.

पुन्हा जालना. तिसऱ्या दिवशी ते गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. त्या तीन दिवसांतही मी कागद नीट लावले. मला काही वाटलं नाही. अंत्यविधीच्या वेळी लोक माझ्या पाठीवर हात ठेवायचे तेव्हा मी मान हलवायचो. मधल्या खोलीत पाहुण्यांच्या बॅगा होत्या, फळीवर कुणीतरी चादर टाकली होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि शेवटचे पाहुणे दुपारच्या गाडीने गेले. आईने बॅगांची जागा झाडली. मी चादर काढली. गाडी होती तशी होती. सवयीने मी डोळ्याला भिंग लावलं आणि वाकून दोन डब्यांच्या मध्ये बघितलं.

कडी आकड्यात होती. तिरकी नाही, टोकावर नाही. पार तळाशी, बरोबर बसलेली.

मी आईला बोलावलं. तिला भिंग डोळ्यात धरता येईना, मग मी धरलं. ती खूप वेळ बघत होती. "बसली का रं?" तिने विचारलं.

"बसली."

"त्येंनीच?"

"त्यांनीच. मी नव्हतो."

आई उभी राहिली. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग चालव की. बघू दे तरी, वढून येतंय का ते."

मी कंट्रोलर घेतला. दिवा लागला. बटणावर बोट ठेवलं. एवढंसं फिरवलं असतं तर स्प्रिंग ताणली गेली असती आणि मागचा डबाही इंजिनाबरोबर आला असता. हिसका न बसता आला असता, याची मला खात्री होती. माझं बोट फिरेना. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि मग ते इतक्या महिन्यांचं सगळं एकदम आलं. मी लहान मुलासारखा रडलो. आईने विचारलं, काय झालं?

"ते बाहेर आलो म्हणाले नाहीत," मी म्हणालो.

आई गाडीकडे वळली. मग हळू आवाजात म्हणाली, "बरं."

इंजिन अजून तिथेच आहे. आई रोज सकाळी फळी पुसते, रूळ पुसते, फलाट आणि टाकीसुद्धा पुसते. त्या दोन डब्यांच्या मध्ये मात्र ती फडकं घालत नाही.